अंजनगांव-सुर्जी येथील ‘वेलस्लीचा चमचा’ : एका प्रवादाची फेरतपासणी

एखाद्या वस्तूविषयीं आपण पूर्वीं प्रसिद्ध केलेलें मत पुढें चुकीचें ठरलें, तर तें जितक्या उघडपणें मांडलें तितक्याच उघडपणें परत घ्यावें, हा संशोधनाचा पहिला नियम होय. त्यास अनुसरून प्रस्तुत लेख लिहीत आहों. अंजनगांव-सुर्जी येथील एका जुन्या घराण्यांत रुप्याचा एक इंग्रजी चमचा आहे. तो इ. स. १८०३ च्या तहाच्या वेळचा असून जनरल आर्थर वेलस्ली याच्या मेजावरचा आहे, असें तें घराणें पिढ्यान् पिढ्या सांगत आलें. आम्ही त्या भागांत शिक्षक असतांना तो चमचा अनेकदां पाहिला, वर्गांतील मुलांस नेऊन दाखविला, आणि शाळेच्या वार्षिकांत त्यावर एक टिपणही लिहिलें. ‘परंपरा विश्वसनीय दिसते’ असें त्या टिपणांतील शेवटचें वाक्य आहे. तें वाक्य आम्ही येथें मागें घेतों. कां घेतों, आणि तें मागें घेतल्यावर हातीं काय उरतें, हें क्रमानें सांगतों.

(१) प्रवाद

घराण्यांतील कथा अशी आहे. तहाची बोलणीं चालू असतां इंग्रजांची छावणी जवळच होती. अंजनगांव हें पानमळ्यांचें गांव. या घराण्याच्या पूर्वजानें छावणींत विड्याचीं पानें पुरविलीं. त्यावर साहेब प्रसन्न झाला, आणि जेवणाच्या मेजावरचा चमचा उचलून त्यानें त्याच्या हातीं दिला. तेव्हांपासून चमचा देव्हाऱ्याखालच्या पेटींत असून दसऱ्यास बाहेर निघतो.

कथेंतील पार्श्वभूमि खरी आहे. इ. स. १८०३ च्या इंग्रज-मराठे युद्धांत २३ सप्टेंबर रोजीं असईची व २९ नोव्हेंबर रोजीं अडगांवची लढाई झाली. १५ डिसेंबर रोजीं गाविलगड इंग्रजांनीं घेतला. दोन दिवसांनीं, १७ डिसेंबरास, नागपूरकर रघूजी भोसले यांच्याशीं देवगांव येथें तह झाला, आणि ३० डिसेंबर रोजीं सुर्जी-अंजनगांव येथें दौलतराव शिंदे यांच्याशीं. शिंद्यांच्या बाजूनें विठ्ठलपंत, मुन्शी कमलनयन वगैरे मंडळी बोलणीं करीत होती. इंग्रजांच्या बाजूनें स्वतः वेलस्ली होता. या तहानें गंगा-यमुनांच्या दुआबांतील शिंद्यांचा मुलूख, भडोच व अहमदनगर हीं ठाणीं इंग्रजांकडे गेलीं. तेव्हां साहेब, छावणी आणि मेज या तिन्ही गोष्टींविषयीं शंका घेण्यास जागा नाहीं. एवढ्यावरून चमचाही खरा मानण्याचा मोह आम्हांस झाला.

मोहाचें दुसरेंही कारण होतें, तें लपवूं नये. देवनाथमठामुळें अंजनगांवचें नांव संतवाङ्मयाच्या अभ्यासकांस परिचित आहे, आणि तहामुळें तें इतिहासाच्या प्रत्येक क्रमिक पुस्तकांत आहे. परंतु मुलांच्या हातीं देतां येईल अशी त्या तहाची कांहीं खूण शिक्षकास हवी असते. ती आम्हांस हवी होती, आणि चमचा समोर होता. जें हवें असतें तें पारखून घेण्याची बुद्धि मंद होते.

(२) चमच्याचें वर्णन

चमचा वीतभर लांब असून सुमारें सहा तोळे वजनाचा, म्हणजे सहा कलदार रुपयांच्या भाराचा आहे. पोळीच्या ताटांतील आमच्या चमच्याहून तो बराच मोठा. इंग्रजी मेजावर वाढण्यास किंवा रस्सा पिण्यास वापरीत त्या जातीचा. वाटी अंड्याच्या आकाराची, डाव्या कडेस झिजलेली. त्यावरून तो दीर्घकाळ उजव्या हातानें वापरला गेला हें उघड होतें. दांडा वाटीजवळ अरुंद, तेथें त्यास दोन लहान खांदे, आणि टोंकाकडे तो व्हायोलिनच्या अंगासारखा रुंद होत गेलेला आहे. इंग्रज संग्राहक या घाटास व्हायोलिनवरूनच नांव देतात. दर्शनी बाजूस कांहीं कोरलेलें नाहीं.

दांड्याच्या पाठीवर ओळीनें पांच बारीक शिक्के आहेत. ते आम्हीं पहिल्याच दिवशीं पाहिले होते. सोनाराच्या कांहीं खुणा असतील म्हणून सोडून दिले. पळी सदा अन्नांत बुडालेली, तरी तिला रस कळत नाहीं, हा दृष्टांत सुभाषितांत प्रसिद्ध आहे. संस्कृताचे शिक्षक म्हणून तो आम्हीं किती तरी वर्षें मुलांस समजावून दिला; तो आम्हांसच लागू आहे हें निवृत्तीनंतर कळलें. आमचा एक माजी विद्यार्थी सध्यां इंग्लंडांत असतो. त्यास चमच्याचें छायाचित्र पाठविलें, तेव्हां त्यानें एकच ओळ उलट लिहिली : मागच्या बाजूचें छायाचित्र पाठवा. पुढें त्यानेंच चार्ल्स जॅक्सन यांच्या इ. स. १९०५ त प्रथम निघालेल्या शिक्क्यांवरील मोठ्या ग्रंथांतील संबद्ध पृष्ठांच्या प्रतिमा पाठविल्या. त्या समोर ठेवून आणि दहापट मोठें दाखविणारें भिंग घेऊन आम्ही दोन दिवस बसलों.

(३) इंग्रजी रुप्यावरील शिक्के

येथील वाचकांस हा विषय नवा असण्याचा संभव आहे, म्हणून थोडा विस्तार करितों. इंग्रजी रुप्यावरील शिक्के हा एक प्रकारचा पुष्पिकालेख आहे. पोथीच्या शेवटीं लेखक आपलें नांव, गांव, शक व संवत्सर लिहितो. तेंच काम तेथें कारागीर व तपासनीस यांनीं वस्तूच्या पाठीवर केलेलें असतें. फरक इतकाच कीं त्यांचीं अक्षरें मोहरीएवढीं असतात.

इ. स. १३०० च्या कायद्यानें रुप्याचा कस ठरला आणि तो पटल्याची खूण म्हणून बिबळ्याच्या मुखाचा शिक्का आला. १३६३ त प्रत्येक कारागिरानें स्वतःची खूण ठेवावी असें ठरलें. १४७८ पासून लंडनमध्यें दरवर्षीं बदलणारें एक अक्षर उमटूं लागलें, आणि १५४४ पासून चालत्या सिंहाचें चिन्ह. कस असा होता कीं बारा औंसांच्या पौंडांत अकरा औंस दोन पेनीवेट शुद्ध रुपें असावें. म्हणजे शेंकडा ९२.५. आमचा इंग्रजी अमदानींतील रुपया बारा भागांत अकरा भाग शुद्ध, म्हणजे शेंकडा ९१.६७ असे, तेव्हां चमच्याचें रुपें रुपयाहून किंचित् सरस. १७८४ च्या डिसेंबरापासून रुप्याच्या मालावर सरकारी कर बसला व तो भरल्याची खूण म्हणून राज्यकर्त्याचें शिर उमटूं लागलें. १८९० त कर उठला, तेव्हां शिरही गेलें. लंडनमध्यें ही तपासणी गोल्डस्मिथ्स हॉल या सोनारांच्या सभागृहांत होई, म्हणून शिक्क्यांस ‘हॉलमार्क’ म्हणूं लागले. तोच शब्द आतां आपल्या सराफकट्ट्यावरही रूढ झाला आहे.

आतां लंडनबाहेरच्या गांवांविषयीं. १४२३ च्या कायद्यांत यॉर्क, न्यूकॅसल, लिंकन, नॉर्विच, ब्रिस्टल, सॉल्झबरी व कॉव्हेंट्री या सात गांवांस स्वतःचा शिक्का ठेवण्याची मुभा मिळाली. त्यांतील सर्वांनींच ती वापरली असें नाहीं. उलट ज्यांस मुभा नव्हती अशा कित्येक गांवांचे सोनार आपापल्या खुणा उठवीतच होते. हल या बंदराची खूण तीन मुकुटांची. नॉर्विचची सिंहावर किल्ला. आणि टाँटनची तर एक शब्दकोटीच आहे : ‘टी’ हें अक्षर व एक पिंप. पिंपास तिकडे ‘टन’ म्हणतात. अक्षर आणि पिंप मिळून गांवाचें नांव झालें. आपल्याकडील प्रहेलिका वाचणारांस यांत परकें कांहीं वाटणार नाहीं. १७०० च्या कायद्यानें यॉर्क, एक्झीटर, चेस्टर, नॉर्विच व ब्रिस्टल या गांवांस आणि १७०२ त न्यूकॅसलला तपासणीचा रीतसर अधिकार मिळाला. १७७३ त बर्मिंगहॅम व शेफील्ड यांची भर पडली. पुढें लहान गांवांचा धंदा मोठ्या शहरांनीं ओढला. एक्झीटरची कचेरी १८८३ त, न्यूकॅसलची १८८४ त आणि चेस्टरची १९६२ त बंद झाली.

या गांवठी चमच्यांचे संग्राहक इंग्लंडांत पुष्कळ आहेत, आणि लंडनच्या चमच्याहून लहान गांवच्या चमच्यास ते कित्येकदां अधिक मोल देतात. कारण समजण्यास कठीण नाहीं. काशींत लिहिलेल्या पोथ्या शेंकड्यांनीं मिळतात. परंतु कारंजें किंवा अचलपूर येथें अमुक शकांत लिहिली अशी पुष्पिका असलेली पोथी हातीं आली, तर आपण ती वेगळ्या रुमालांत बांधून ठेवितों. पोथींतील ग्रंथ तोच असतो. पण ती लिहिणारा माणूस आणि त्याचा गांव दुसरीकडे कोठें सांपडत नाहीं.

(४) प्रस्तुत चमच्यावरील शिक्के

पांच शिक्क्यांचें वाचन असें झालें.

पहिला, चालता सिंह. वस्तु ठरलेल्या कसाची आहे एवढें तो सांगतो.

दुसरा, तीन बुरुजांचा किल्ला. येथें नवख्याचा घोटाळा होतो, कारण किल्ला ही खूण तीन गांवांची आहे. एडिंबरोचाही किल्लाच, परंतु एडिंबरोच्या मालावर त्या काळीं सिंह नसे, त्याच्या जागीं थिसल या कांटेरी झाडाचें फूल असे. न्यूकॅसलच्या शिक्क्यांत एक नव्हे तर तीन निरनिराळे किल्ले असतात. सिंहासह एकच तीनबुरुजी किल्ला, म्हणून ही तपासणी एक्झीटरची. हें गांव इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन प्रांतांत आहे. येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ब्रिस्टलच्या कारागिरांचा पुष्कळ माल एक्झीटरलाच तपासणीस जाई. म्हणून चमचा एक्झीटर येथें तपासला गेला एवढें सिद्ध होतें. तो तेथेंच घडला असें सिद्ध होत नाहीं.

तिसरा शिक्का शिराचा, आणि निर्णय यावरच आहे. शिर डावीकडे पाहणारें, उठावाचें, आणि केंस मागें बांधलेल्या स्त्रीचें आहे. तिसऱ्या जॉर्जचें शिर आरंभीं, १७८४ ते ८६ पर्यंत, डावीकडे पाहणारें होतें खरें, पण तें खोल उमटविलेलें असे. त्यानंतर तें उठावाचें झालें आणि उजवीकडे पाहूं लागलें. चौथा जॉर्ज व चौथा विल्यम यांचींही शिरें उजवीकडेच पाहतात. डावीकडे पाहणारें उठावाचें स्त्रीचें शिर एकटें राणी विक्टोरियाचें. ज्यांस ग्रंथ उपलब्ध नसेल त्यांनीं घरांतील जुने रुपये काढून पाहावे : १८३५ च्या रुपयावरचा विल्यम उजवीकडे पाहतो, १८४० च्या रुपयावरची राणी डावीकडे.

चौथा शिक्का वर्षाच्या अक्षराचा. तो पार झिजला आहे. दरवर्षीं दसऱ्यास चिंच व राख लावून चमचा घासण्याची त्या घरांतील रीति होती. त्या भक्तीनें अक्षर खाऊन टाकलें. कसरीनें पोथींतला शक नेमका खावा आणि राजाचें नांव तेवढें राखावें, तशी ही स्थिति आहे.

पांचवा कारागिराचा. दोन अक्षरांपैकीं एकाचा केवळ खालचा भाग दिसतो. त्यावरून नांव सांगणें हें धाडस होईल. तें आम्ही करीत नाहीं.

निष्कर्ष असा. विक्टोरिया १८३७ त गादीवर आली, आणि एक्झीटरची कचेरी १८८३ त बंद झाली. चमचा या दोन सालांच्या मधला आहे. तह झाला तेव्हां, म्हणजे १८०३ त, जिचें शिर या चमच्यावर आहे ती राणी जन्मलीही नव्हती; तिचा जन्म १८१९ चा. वेलस्लीनें हा चमचा अंजनगांवीं कोणास दिला असणें शक्य नाहीं.

(५) पूर्वपक्ष

निर्णय कितीही स्पष्ट दिसला तरी विरुद्ध बाजू बोलूं द्यावी. तीन आक्षेप संभवतात.

पहिला : चमचा जुना असून शिक्के मागाहून उमटविले असतील. परंतु शिराचा शिक्का करभरणीचा आहे आणि तो तपासणीच्या वेळींच पडतो. वऱ्हाडांतील पानमळेवाल्याच्या पेटींतून चमचा समुद्रापार एक्झीटरला जाऊन कर भरून परत आला, असें मानण्यास कांहीं आधार पाहिजे. तसा आधार नाहीं.

दुसरा : शिक्के वाचण्यांत आमची चूक असेल. हा आक्षेप आम्हांस मान्य होण्याजोगा होता, म्हणून घाटाकडे स्वतंत्रपणें पाहिलें. १८०३ च्या सुमारास इंग्रजी मेजावर सर्रास दिसणारा चमचा साध्या गोल टोंकाचा असून त्याच्या दांड्यास खांदे नसत. खांद्यांचा हा व्हायोलिनी घाट पूर्वीं अगदींच नव्हता असें नाहीं. पण त्याचा सार्वत्रिक प्रसार एकोणिसाव्या शतकांतला आहे. घाट एकटा निर्णायक नाहीं. तो शिक्क्यांच्या बाजूनें साक्ष देतो, विरुद्ध देत नाहीं.

तिसरा : साहेबानें दिलेला चमचा निराळा असेल, तो हरवला, आणि त्याची कथा या चमच्यास चिकटली. हें असंभवनीय नाहीं. एका मूर्तीची आख्यायिका दुसरीवर गेल्याचीं उदाहरणें आपल्याकडे हवीं तितकीं आहेत. परंतु हा आक्षेप मान्य केला तरी समोरचा चमचा त्या कथेचा पुरावा राहत नाहीं. आणि आमचें टिपण समोरच्या चमच्याविषयींच होतें.

त्या मोहिमेशीं खरोखर संबद्ध असें रुपें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं लंडनच्या अ‍ॅप्सली हाउसमधील ‘डेक्कन सर्व्हिस’ पाहावी. दख्खनच्या फौजेंतील अधिकाऱ्यांनीं वेलस्लीस नजर केलेला तो सोन्याच्या मुलाम्याचा रुप्याचा भोजनसंच आहे. तोही मोहिमेंत वापरलेला नव्हे. मोहीम संपल्यावर, १८०६-०७ च्या सुमारास, लंडनमध्यें घडविलेला. म्हणजे ज्या वस्तूचा मान खरा आहे तिचीही तारीख मोहिमेनंतरचीच आहे, आणि ती कोणी लपविलेली नाहीं.

(६) चमचा वऱ्हाडांत कसा आला असावा

चमचा येथें कसा आला हें शिक्के सांगत नाहींत. येण्याचे मार्ग मात्र त्या काळीं पुष्कळ होते. १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं दिला. एलिचपूर, म्हणजे आजचें अचलपूर, येथें हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, आणि तें अंजनगांवाहून एका दिवसाच्या बैलगाडीच्या वाटेवर. चिखलदऱ्यास उन्हाळ्यांत साहेब लोक राहत. १८६१ ते ६५ च्या अमेरिकेंतील यादवी युद्धांत तिकडचा कापूस अडला, तेव्हां वऱ्हाडच्या कापसास असा भाव आला कीं पूर्वीं कोणीं पाहिला नव्हता. आणि १८६७ त लोहमार्ग वऱ्हाडांतून नागपूरपर्यंत पोंचला. अधिकाऱ्याची बदली झाली म्हणजे घरचें सामान लिलावांत काढण्याची रीति त्या लोकांत सर्वत्र होती. कापसाचा पैसा हातीं असलेल्या गृहस्थानें अशा लिलावांत, किंवा लिलावांतून सराफाकडे गेलेला, एखादा चमचा घेतला असणें अगदीं स्वाभाविक आहे. हा तर्क आहे, निर्णय नव्हे. वाचकांनीं तो तसाच घ्यावा.

(७) ठिपक्यांचीं अक्षरें

येथवर आलों तेव्हां आमचें काम संपलें असें आम्हांस वाटलें, आणि निष्कर्ष सांगण्यास त्या घरीं गेलों. घरचे कर्ते पुरुष ऐशीच्या पुढचे आहेत. दादाजींनीं सर्व ऐकून घेतलें व थोड्या वेळानें विचारलें, “मंग गुरुजी, हा चमचा खोटा हाये काय?” चमचा खरा आहे, रुपें खरें आहे, फक्त त्याची तारीख आपण समजत होतों ती नव्हे, असें आम्हीं सांगितलें. त्यांचें समाधान झालें नाहीं, हें दिसत होतें. आमचेंही झालें नव्हतें. ज्या मुलांस आम्हीं तो चमचा हातांत दिला होता त्यांत त्यांचे दोन नातू होते.

निघण्यापूर्वीं शिक्क्यांचें शेवटचें छायाचित्र घ्यावें म्हणून दांड्याचें रुंद टोंक उजेडाकडे तिरपें धरलें. तेथें पाठीवर कांहीं तरी खरबरीत होतें. पूर्वीं तें आम्ही घासण्याचे ओरखडे समजलों होतों. घासण्यांत शिक्के झिजले, पण या बारीक खळग्यांत राख व मळ बसून ते भरून निघाले होते. मऊ ब्रशानें व साध्या पाण्यानें तेवढाच भाग धुतला, तेव्हां ठिपक्यांनीं ठोकलेलीं देवनागरी अक्षरें दिसूं लागलीं. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर कासार जशीं नांवें घालतो तशींच तीं आहेत. एक मुलीचें नांव, त्याखालीं ‘उष्टावण’, त्याखालीं ‘शके १७९८’.

शके १७९८ म्हणजे इ. स. १८७६-७७. याचा अर्थ असा कीं चमच्याच्या काळाची वरची मर्यादा १८८३ वरून १८७६-७७ वर येते. झिजलेल्या अक्षरानें जें नेलें त्यांतील थोडें या अक्षरांनीं परत दिलें. दुसरें असें कीं या वस्तूचा घराण्याशीं संबंध कसा आला हें आतां लिखित पुराव्यानें कळतें : लहान मुलीच्या उष्टावणास, रुप्याच्या वाटीबरोबर द्यावा तसा, तो दिला गेला. वाटी आतां घरांत नाहीं.

योगायोगाची गोष्ट अशी कीं जेथें हा चमचा तपासला गेला त्या नैर्ऋत्य इंग्लंडांत हीच रीति दोन शतकें आधीं होती. तेथें मुलाच्या नामकरणास चमचा देत, आणि त्यावर मुलाच्या नांवाचीं आद्याक्षरें व साल ठिपक्यांनींच टोंचीत. सतराव्या शतकांतील तसे चमचे संग्राहकांत सुप्रसिद्ध आहेत. दोन रीतींचा एकमेकींशीं कांहीं संबंध नाहीं, आणि तो जोडण्याचा मोह पुन्हां होऊं देत नाहीं. कठीण धातूवर अक्षर काढण्यास छिन्नीचें टोंक व हातोडी हीं कोठल्याही गांवीं सांपडतात, इतकाच त्याचा अर्थ.

घराण्याची वंशावळ आम्हीं मागून घेतली. ती पांच पुरुषांची असून चांगल्या अक्षरांत लिहिलेली आहे. तींत केवळ पुत्रांचीं नांवें आहेत. शके १७९८ च्या सुमाराच्या पिढींत चार भाऊ दाखविले आहेत, बहीण एकही नाहीं. चमच्यावरचें नांव त्या घरांत पुढें कोणास ठेवलेलें नाहीं व कोणाच्या तोंडींही नाहीं. ती मुलगी वांचली कीं नाहीं, कोठें दिली गेली, हें कोणत्याही कागदावर आम्हांस सांपडलें नाहीं. दादाजी बराच वेळ तें नांव बोटानें चाचपीत होते. मग म्हणाले, “हे पोरगी कोन होती, आता कोनालेच मालूम नाई.” नांव आम्ही येथें देत नाहीं, कारण घराण्याची ओळख प्रसिद्ध होऊं नये अशी त्यांची इच्छा आहे.

आमच्या टिपणाचा दोष केवळ तारखेचा नव्हता, हें त्या दिवशीं आमच्या ध्यानांत आलें. साहेबाची गोष्ट इतकी मोठ्यानें सांगितली गेली कीं त्याच चमच्यावर आपल्या लिपींत, आपल्या शकांत लिहिलेली ओळ कोणी वाचावयास गेलें नाहीं. आणि ती वाचण्यास तर विलायतेंतील ग्रंथाचीही जरुरी नव्हती.

(८) संग्राहकांस कांहीं सूचना

या प्रकरणावरून जें शिकलों तें पोथ्या व वस्तू जमविणाऱ्या बंधूंच्या उपयोगीं पडावें म्हणून लिहितों.

जुन्या वाड्यांत सांपडणारे सर्वच पांढरे चमचे रुप्याचे नसतात. १८४० पासून विजेनें मुलामा देण्याची कृति निघाली आणि तसा माल हिंदुस्थानांत ढिगांनीं आला. त्यावर चौकटींत बसविलेलीं ‘ई. पी. एन. एस.’ अशीं अक्षरें असतात. लांबून तीं शिक्क्यांच्या ओळीसारखींच दिसतात. कलकत्ता व मद्रास येथील युरोपियन पेढ्यांचा माल रुप्याचा आहे, परंतु इकडे इंग्रजी पद्धतीची सरकारी तपासणी नसल्यामुळें त्या पेढ्या आपल्या नांवासोबत इंग्रजी शिक्क्यांसारख्या शोभेच्या खुणा उमटवीत. त्यांवरून साल काढूं नये. देशी कारागिरांत भुजच्या उमरशी मावजी यांच्यासारखे थोडेच असे कीं ज्यांनीं आपली खूण वस्तूवर ठेविली. रुप्याचा कस पाहण्याची विद्या आपल्याकडे नवीन नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुवर्णाध्यक्ष, त्याची अक्षशाला व निकष यांचें प्रकरण आहे. परंतु कसोटीचा दगड वस्तूचा कस सांगतो; ती कोणीं, कोठें व केव्हां घडविली हें सांगत नाहीं. सरकारी प्रमाणचिन्ह आपल्या रुप्यावर २००५ पासून देतां येऊं लागलें. त्यापूर्वींचें आपलें घरगुती रुपें बहुधा मुकें आहे. त्यावरचा कासाराचा वा सोनाराचा ठिपक्यांचा लेख हाच त्याचा एकमेव पुष्पिकालेख.

म्हणून वस्तु हातीं येतांच ती प्रथम पालथी करून पाहावी. घासूं नये, काळवंडलेलें रुपें कांहीं बिघडवीत नाहीं, घासलेलें रुपें अक्षर नेतें. मालकानें सांगितलेली कथा त्याच्याच शब्दांत वेगळी टिपून घ्यावी, आणि वस्तु जें सांगते तें वेगळें. दोन्हींची मिळवणी एका वाक्यांत करूं नये. आणि शेवटचें : रुप्याचा भाव चढला म्हणजे जुनीं वाटी-चमचे-पळ्या सराफाकडे मोडीस जातात. मोडणाऱ्याची गरज आपण ठरवूं शकत नाहीं. परंतु मुशींत पडण्यापूर्वीं त्या वस्तूच्या पाठीचें एक छायाचित्र घ्या, एवढी विनंति घरोघर करतां येईल. पोथी जळाली तर तिची दुसरी प्रत कोठें तरी असण्याची आशा असते. ठिपक्यांच्या नांवाची दुसरी प्रत नसते.

(९) उपसंहार

सारांश, अंजनगांव-सुर्जी येथील ‘वेलस्लीचा चमचा’ हा वेलस्लीचा नव्हे. तो विक्टोरियाच्या अमदानींत एक्झीटर येथें तपासला गेलेला, शके १७९८ त किंवा त्यापूर्वीं वऱ्हाडांत आलेला, आणि एका मुलीच्या उष्टावणास दिलेला रुप्याचा चमचा आहे. शाळेच्या वार्षिकांतील आमचें टिपण रद्द समजावें. ज्या विद्यार्थ्यांस आम्हीं तें शिकविलें त्यांपैकीं जे भेटतात त्यांस तोंडानें सांगतों. जे भेटत नाहींत त्यांच्यासाठीं हा लेख.

दादाजींनीं वंशावळीचा कागद नुकताच आमच्याकडे पाठविला. चार भावांच्या शेजारीं पांचवी रेघ ओढून तिच्याखालीं तें नांव लिहावें, अक्षर गुरुजींचें असावें, असा निरोप होता. त्याप्रमाणें लिहून, कंसांत ‘चमच्यावरून’ एवढा आधार नोंदवून, कागद परत केला आहे. वऱ्हाडांतील इतर घरांत अशीं ठिपक्यांचीं नांवें व शक असलेलीं रुप्याचीं भांडीं कोणाच्या पाहण्यांत असल्यास त्यांनीं त्यांची नक्कल मंडळाकडे पाठवावी, अशी विनंति आहे.